नमुन्यांच्या फळीवरचा झेंडा

भरतकामाचं दुकान म्हटलं की लोकांना वाटतं, नवरीचे शालू, जरीचे पदर, बायकांची गर्दी. आमच्या दुकानात बायका क्वचितच येत. बहारीनमधल्या उम्म अल हस्सम भागात, एका उडुप्याचं हॉटेल आणि एक लाँड्री यांच्यामध्ये आमचा गाळा होता, आणि आम्ही भरायचो ते बिल्ले. वॉचमनच्या खांद्यावरचे, शाळेच्या खिशावरचे, केरळी पोरांच्या फुटबॉल टीमचे, आणि अमेरिकन नौदलाच्या तळावरच्या लोकांच्या जाकिटावरचे. नव्वदच्या दशकात तळावर माणसं वाढली तशी आमची भाकरी त्यांच्यावरच भाजायला लागली. आता मी रत्नागिरीला घरी बसून असतो, पण अजून कुणाच्या शर्टावर बिल्ला दिसला की आधी त्याची उलटी बाजू बघावीशी वाटते. काम कसं आहे ते उलट्या बाजूला कळतं.

धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल. गिऱ्हाईक चित्र आणतं. ते आम्ही बटर पेपरवर उतरवायचो आणि रेघेरेघेनं सुईनं टोचून काढायचो. त्याला खाका म्हणतात. खाका कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड वरून बोळ्यानं घासायची, की टिंबाटिंबांनी चित्र कापडावर उतरतं. मग रिंगमध्ये कापड ताणून मशीनखाली धरायचं आणि दोन्ही हातांनी फिरवायचं. सुई जागची हलत नाही, कापड नाचतं. हे नाचवणं आमच्याकडे यूनुसचाचांचं. ते माझ्या सासऱ्यांच्या नात्यातले, राजापूरकडचे, उमेदीची सगळी वर्षं मुंबईत डोंगरीला मशीनवर काढलेली. मी बोलायला पुढे, ते हाताला मागे. दुकानात सतत रॉकेलचा वास, दुपारी एसी दमला की तो वास जास्तच. कशाला खोटं बोलू, मला तो वास आजही आवडतो.

गिऱ्हाइकं एकेक नग असत. एकानं आपल्या कुत्र्याचा फोटो आणला आणि कुत्र्याच्या डोळ्यांत प्रेम दिसलं पाहिजे म्हणून तीनदा उसवायला लावलं. केरळी टीमला वाघ हवा होता, चाचांचा वाघ मांजरावर गेला. ती टीम त्या वर्षी जिंकली आणि पुढच्या वर्षी हटकून तेच मांजर मागायला आली. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, "येस सर, नो प्रॉब्लेम सर." गिऱ्हाइकानं काय भरावं हा त्याचा प्रश्न, नीट भरणं हा आमचा. दुकानदाराला मत नसावं असं मला वाटायचं, आणि मत नसण्यात मी चांगला तरबेज होतो.

आता फळीचं सांगतो. नवा नमुना भरला की त्याचा एक जादा बिल्ला करायचा आणि दाराच्या समोरच्या भिंतीवर, हिरव्या कापडानं मढवलेल्या फळीवर टाचायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. गिऱ्हाईक आत आलं की आधी फळीकडे बघतं, कामाची जात ओळखतं. पण हळूहळू त्याचं वेगळंच काहीतरी होऊन बसलं. बेट सोडून जाणारे लोक जाताना येऊन बघायचे, आपला बिल्ला आहे ना वर. बदली होऊन दोन वर्षांनी परत आलेला माणूस बायकोला न विचारता आधी फळी बघायला यायचा. जुन्या काळच्या पाहुण्यांसारखे ते बिल्ले तिथे दाटीवाटीनं बसलेले असत.

वॉल्टर हे त्या फळीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तळावरचा चीफ, म्हणजे खलाशांवरचा मुकादम, उंच, काळा, केस पांढरे होत आलेले, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातला. आपल्या हाताखालच्या सगळ्यांची कामं तो आमच्याकडे आणायचा. गुरुवारी संध्याकाळी यायचा, स्टुलावर बसायचा, शेजारच्या हॉटेलातला मसाला डोसा मागवून काट्याचमच्यानं खायचा, आणि चाचांच्या मशीनकडे तासभर बघत बसायचा. चाचांना इंग्रजी येत नव्हतं, वॉल्टरला दुसरं काही येत नव्हतं, पण दोघांचं जमायचं. त्याची नोकरी संपत आली होती. घरी जाण्याआधी त्यानं स्वतःसाठी एक जाकीट सांगितलं. काळं सॅटिन, पाठीवर नांगर, नांगराभोवती तो ज्या ज्या बंदरांत राहिला त्यांची नावं. "हे एवढंच मी घरी नेणार आहे," असं म्हणाला होता. चाचा त्या जाकिटावर जीव ओतत होते.

त्याच दिवसांत तळावरचा डेल आला. विशीतला गोरा पोरगा, कान लाल, बोलणं अदबीचं. मला 'सर' म्हणणारा तो पहिला गोरा. घरून पार्सल आलं की त्यातली बिस्किटं चाचांना आणून द्यायचा आणि त्यांच्यासमोर टोपी काढायचा. त्याला जीनच्या जाकिटाच्या पाठीवर एक झेंडा हवा होता. लाल जमीन, त्यावर निळी फुली, फुलीत पांढऱ्या चांदण्या. म्हणाला, "माझ्या आजोबांच्या ओसरीवर हा असतो सर. घराची आठवण येते." त्याचे डोळे भरून आले होते. आखातात राहिलेल्या माणसाला ही भाषा लगेच समजते. मी म्हटलं, "येस सर, नो प्रॉब्लेम."

चाचांनी तो झेंडा असा भरला की चांदण्यांना हात लावावा तर बोटाला टोचतील. डेल पाठीवर टाकून नाचत गेला. रीतीप्रमाणे एक छोटा बिल्ला फळीवर गेला, आणि काम इतकं देखणं होतं की मी तो बरोबर मध्ये लावला. शेजारीच वॉल्टरच्या मागच्या वर्षीच्या टीमचा बिल्ला होता.

पुढच्या गुरुवारी वॉल्टर आला. दारातच थांबला. मग स्टुलावर न बसता फळीपाशी गेला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"हे काय आहे, तुला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"एका गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या घराचा झेंडा आहे सर."

"असेल," तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं, आणि आवाज जराही चढवला नाही. अमेरिकेत दक्षिणेची राज्यं गुलामी टिकवायला लढली, त्यांचा तो झेंडा. आणि तो लहान असताना, गोऱ्यांच्या शाळेत काळ्या पोरांना पहिल्यांदा घेतलं, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी माणसं हाच झेंडा घेऊन उभी होती. त्याचा हात धरून त्याची मोठी बहीण चालली होती. ती म्हणाली, तुझ्या बुटांकडे बघत चाल. कुणीतरी तिच्या बाहीवर थुंकलं. आईनं रात्री जागून शिवलेला नवा झगा होता. आईनं तो धुतला, पण पुन्हा कधी तिला घालू दिला नाही. त्याचं फरशी पुसायचं पोतेरं केलं.

मी शिंपी-कारागिरांच्या घरातला माणूस. नव्या झग्याचं पोतेरं म्हणजे काय, ते मला कुणी समजवायला नको होतं. मी झटकन पुढे होऊन टाचणीला हात घातला. "सॉरी सर. आत्ता काढतो सर."

"थांब," वॉल्टर म्हणाला. "मी काढ म्हटलं का?"

"तुम्ही म्हणाल तसं सर."

"मी म्हणणार नाही. तो पोरगा माझ्या देशात हे जाकीट घालून फिरू शकतो. कोणी त्याला तुरुंगात घालणार नाही, आणि घालू नये. मला राग आला तरी त्याला ते बोलू द्यायचं, अशी मी शपथ घेतलीय, सगळी नोकरी त्या शपथेवर केलीय. भिंत तुझी आहे. मला फक्त कळू दे, तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं! इतक्या वर्षांत त्या दुकानात मला लोकांनी भाव विचारला, तारीख विचारली, रंग पक्का आहे का विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "मला काय वाटायचं सर? गिऱ्हाइकाची गोष्ट आहे."

वॉल्टरनं मान हलवली, टोपी घातली आणि गेला. डोसा सांगितलेला होता, तो तसाच आला आणि गार झाला. त्यानंतर तो गुरुवारी आला नाही. पुढच्याही नाही. त्याचं जाकीट भरून, इस्त्री होऊन हँगरवर लटकत होतं आणि त्याची जायची वेळ जवळ येत होती. तो न भेटता निघून जाणार, असं मला वाटायला लागलं आणि जेवण गोड लागेना.

मी चाचांना म्हटलं, झेंडा खाली घेऊया. चाचा भडकले. "माझा काम हाय तो. कापडावरच्या चितराचा काय गुन्हा? चांदण्या बघ, एक टाका इकडचा तिकडं नाय." आमचं चांगलंच वाजलं. मी काढायचो, ते परत लावायचे. दोन म्हातारे होत आलेले बाप्ये एका बिल्ल्यासाठी फळीपाशी ढकलाढकली करतायत, तेवढ्यात अरबाब आत आले.

अरबाब म्हणजे ज्यांच्या नावावर दुकानाचं लायसन, ते अबू जासिम. बहारीनचेच, सनाबिसला राहणारे, हातात सतत तसबीह, जपाची माळ. माणूस मोठ्या मनाचा. पण त्या वर्षांत सनाबिसकडचं वातावरण ठीक नव्हतं. रात्री भिंतीवर कुणीतरी सरकारविरुद्ध काहीतरी लिहायचं आणि सकाळी त्यावर चुना फासलेला असायचा. एका रात्री पोलीस येऊन गेले, तेव्हापासून त्यांच्या बहिणीचा मुलगा घरी नव्हता. कुठे आहे, हे आम्ही विचारत नव्हतो आणि ते सांगत नव्हते.

भांडण कशावरून, ते मी त्यांना आमच्या बाजारी हिंदीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "ये लडका ये पहनके अमरीकामे रस्तेपे घूमेगा, पुलिस कुछ नहीं बोलेगा?"

"वॉल्टर म्हणतो, नाही बोलणार."

"और वो काला आदमी उसके सामने खडा होके गाली देगा, तो भी कुछ नहीं?"

"तरी काही नाही अरबाब."

"और दोनो आदमी शामको अपना अपना घर जाएगा?"

"जाईल."

अबू जासिमनी स्टुलावर बसल्या बसल्या तसबीह खिशात टाकली. मग उठले, फळीजवळ गेले आणि स्वतःच्या हातानं एकेक टाचणी काढायला लागले. झेंडा काढला, वॉल्टरच्या टीमचा बिल्ला काढला, फुटबॉलचं मांजर काढलं, प्रेमळ कुत्रा काढला. सगळं एका पिशवीत भरलं. "खलास," म्हणाले. "दीवारपे मफी कुछ, कुछ नहीं. अच्छा भी नहीं, बुरा भी नहीं. दुकान भी सलामत, तुम भी सलामत." त्यांच्या बोटात टाचणी घुसली होती, रक्त आलं होतं. मला त्यांचा राग आला नाही. आपल्या माणसांना सांभाळायचा त्यांना हाच एक रस्ता ठाऊक होता. पण हिरवं कापड उघडं पडलं आणि दुकान मयताच्या घरासारखं दिसायला लागलं.

असं असताना एका सकाळी डेल परत आला. या वेळी मोठं काम घेऊन. त्याच्या गावाकडे काही माणसांनी एक टोळी बांधली होती, त्याचा काका तिचा म्होरक्या. सुट्टीच्या दिवशी रानात जायचं, बंदुका घेऊन कवायत करायची. सरकार आपला देश परक्यांच्या हाती देतंय आणि एक दिवस सरकारशीच लढायची वेळ येणार, असं त्यांचं म्हणणं. या सगळ्यांच्या जाकिटांवर एकच चित्र हवं होतं. बंदूक धरलेला गरुड, मागे तोच झेंडा, आणि खाली दोन ओळी. मी चष्मा लावून वाचलं. ज्यांचं रक्त इथे सांडलं त्यांचाच हा देश, बाकीच्यांनी आल्या बोटीनं परत जावं.

मी ते दोनदा वाचलं. आणि मला मुंबईची एक भिंत आठवली. त्याच्या थोडं आधी मी सुट्टीवर गेलो होतो आणि बहिणीकडे उतरलो होतो. शहरात दंगे होऊन गेले होते. तिच्या गल्लीच्या तोंडाशी दुधाचं केंद्र होतं, त्याच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलेलं होतं की आमच्यासारख्या मुसलमानांनी कुठे निघून जावं. अक्षर वळणदार, कुण्या चांगल्या पेंटरचं. माझी भाची रोज त्या भिंतीला घासून दूध आणायला जायची. मी बहिणीला म्हटलं, कुणाला सांगून पुसून का घेत नाहीस? ती म्हणाली, "भाई, तू दोन आठवड्यांनी जाशील. गप बस." मी गप बसलो, आणि बहारीनला येऊन कुणापाशी बोललो नाही.

"किती दिवसांत होईल सर?" डेल विचारत होता.

"होणार नाही," मी म्हटलं. ते मीच बोललो हे मला क्षणभर खरं वाटलं नाही. मागे चाचांचं मशीन थांबलं.

डेलचे कान आणखी लाल झाले. "सर, माझ्या देशात मला जे वाटतं ते बोलायचा हक्क आहे."

"आहे ना. बोल की. तुझ्या तोंडानं बोल, कागदावर लिही, गावभर ओरड. आमच्या सुईनं नको."

"मी तुम्हाला कधी वाईट बोललो का सर?"

"कधीच नाही."

"मग हे तुमच्याबद्दल नाहीच. तुम्ही चांगले लोक आहात."

"बोटीनं परत जा म्हणतोस. मी इथे बोटीनंच आलो रे. हा म्हातारा पण बोटीनं आला."

तो गोंधळला. त्याला खरंच कळलं नाही, हे मला दिसत होतं. त्याला कुणी तसं बघायला शिकवलंच नव्हतं. चित्राची गुंडाळी करून तो निघाला. दारातून परत वळला आणि चाचांना टोपी काढून सलाम केला, नेहमीसारखा. पोरगा वाईट नव्हता हो, म्हणूनच जास्त लागलं. तो गेल्यावर चाचांनी मला विचारलं, काय लिहिलं होतं? मी सांगितलं. चाचा मशीनवरून उठले. खणातून झेंड्याचा खाका काढला, चार तुकडे केले आणि रॉकेलच्या डब्यात बुडवले.

वॉल्टर आला तो जायच्या दिवशी. बाहेर टॅक्सी उभी ठेवून आला होता. रिकामी फळी बघून जागच्या जागी थबकला. "हे माझ्यामुळे केलंस? मला असं नको होतं."

"मी नाही केलं. मालकांनी केलं. त्यांची भीती वेगळी आहे." मग मी त्याला डेलचं सांगितलं. गरुड, बंदूक, खालच्या दोन ओळी, आणि मी नाही म्हटलं ते.

त्याचा चेहरा सैल झाला. पुढे येऊन त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थँक यू," म्हणाला. "माझ्यासाठी तू एवढं मोठं काम सोडलंस."

इथे हो म्हणणं किती सोपं होतं. माणूस कायमचा चालला होता, त्याला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. आयुष्यभर मी हेच करत आलो होतो.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यासाठी नाही सोडलं."

त्याचा हात खांद्यावर तसाच राहिला. मग मी त्याला ती दुधाच्या केंद्राजवळची भिंत सांगितली, भाचीचं सांगितलं, बहीण काय म्हणाली ते सांगितलं. माझं इंग्रजी दुकानापुरतं. अडखळत, हातवारे करत सांगितलं.

"आणि तो झेंडा लावलास तेव्हा?" त्यानं विचारलं. "मी शाळेचं सांगितलं, तेव्हा?"

"तेव्हा वाईट वाटलं. पण तो तुमचा वाटला. आपला नाही वाटला."

बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. वॉल्टरनं तिकडे बघितलं नाही. चाचांनी हँगरवरचं जाकीट काढून त्याच्यापुढे धरलं होतं, ते त्यानं घेतलं आणि मांडीवर ठेवून स्टुलावर बसला. नांगराभोवतीच्या बंदरांच्या नावांवरून त्याचं बोट फिरत होतं.

"इतकी वर्षं मी दर गुरुवारी इथे येऊन बसलो," तो म्हणाला. "तुला बहीण आहे, हे मला आज कळतंय. मी तरी तुला कधी काय विचारलं?"

मग त्यानं दाराकडे हात करून टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "नाव काय तुझ्या भाचीचं?"